व्हॅनिलाच्या वेलीची दुखणी आणि ती पाळणाऱ्यांची

व्हॅनिला प्लॅनिफोलिया ही आमर कुलातील, म्हणजे ऑर्किडांच्या जातकुळीतील, वेल असून तिचे घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील उष्ण, दमट अरण्यांत असले, तरी हल्ली ती पुण्यातील तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात, चपलांचे कपाट आणि इन्व्हर्टर यांच्या मधल्या सांदीतही आढळते. ती तेथे कशी पोहोचते हे कोडे नाही. केशराखालोखाल महाग मसाला अशी या शेंगांची ख्याती असल्यामुळे, रोपवाटिकेतून वीतभर कलम घेऊन निघालेल्या गृहस्थाचा शेंगांचा, त्यांच्या भावाचा आणि नातेवाइकांत करावयाच्या वाटपाचा हिशेब रिक्षा घरापाशी थांबण्यापूर्वीच पुरा झालेला असतो. त्यात वेलीचे मत मात्र विचारात घेतलेले नसते.

वेल रुळू लागली की तिचे विक्षिप्त वर्तन सुरू होते आणि त्याच्या निदानात मोठी अडचण अशी, की जे पाहून घरच्यांची झोप उडते ते बहुधा निरुपद्रवी असते, आणि ज्यावर ‘थोडं पाणी घाला, होईल ठीक’ एवढ्यावर निकाल लागतो ते वेलीच्या जिवावर बेतलेले असते. पहिल्या प्रकारात हवाई मुळे येतात. खोडाच्या प्रत्येक पेरापाशी, पानाच्या समोरच्या बाजूने, एक जाडसर हिरवट-पांढरे मूळ बाहेर पडते. रानात त्याने झाडाची ओलसर साल धरावी आणि तिच्या आधाराने वेलीने वर चढावे, अशी ही योजना आहे. दिवाणखान्यात झाड नसल्यामुळे हे मूळ भिंतीकडे वळते, भिंतीला टेकताच चपटे होते, त्यावर बारीक केस फुटतात, आणि मग ते असे चिकटते की ओढून काढू जाता एक तर मूळ तुटते किंवा दिवाळीत दिलेला रंग निघतो, पुष्कळदा दोन्ही. घरातील ज्येष्ठ मंडळी प्रथमदर्शनी त्यास पाल समजतात. भिंतीऐवजी काथ्या गुंडाळलेला खांब कुंडीत रोवून तो ओला ठेवणे हा यावरील उपाय होय, आणि तो रंग देण्यापूर्वी केल्यास अधिक गुणकारी ठरतो.

याहून भयंकर वाटणारा प्रकार म्हणजे वेलीचे बूड काळे पडून सुकून जाणे आणि वरचा भाग मात्र काहीच घडले नाही अशा थाटात नवी पाने काढत राहणे. व्हॅनिला ही अर्ध-अपिवनस्पती आहे. म्हणजे आरंभी ती जमिनीत रुजते, पण पुढे जमिनीशी संबंध तुटला तरी दुसऱ्या झाडाच्या अंगावर, हवाई मुळांनी मिळेल तो ओलावा व कुजका पाचोळा यांवर, ती जगू शकते. त्यामुळे बूड गेले म्हणून शोक करण्याचे कारण नसते. खालचे का गेले, याची चौकशी मात्र अवश्य करावी, कारण तेथून दुखण्याचा दुसरा, खरा प्रकार सुरू होतो.

व्हॅनिलाची पाने जाड, मांसल असतात आणि त्यांत पाणी साठवलेले असते. शिवाय ही वेल आपली पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, दिवसा मिटून मुख्यतः रात्री उघडते, त्यामुळे तिची पाण्याची गरज दिसते त्यापेक्षा कितीतरी कमी असते. अशा वेलीची पाने एके दिवशी सुरकुततात. सुरकुतणे म्हणजे तहान, हे सर्वांना पाठ असल्यामुळे आई सकाळी पूजेच्या तांब्यातले उरलेले पाणी घालते, वडील चहानंतर मगभर घालतात, आणि संध्याकाळी ऑफिसातून परतलेला मूळ मालक, दिवसभर कोणी लक्ष दिले नाही या समजुतीने, मातीतून पाणी वर येईपर्यंत घालतो. वस्तुतः पाने सुरकुतली ती पाणी कमी झाल्यामुळे नव्हे, तर ते जास्त होऊन मुळे कुजल्यामुळे आणि कुजलेल्या मुळांना समोरचे पाणी ओढता न आल्यामुळे. खात्री करावयाची असल्यास कुंडी उलटी करून एक मूळ चिमटीत धरून ओढावे. वरचे साल ओल्या मोज्यासारखे निघून हातात आले आणि आत दोऱ्याएवढी शीर उरली, तर कुटुंबाच्या मायेने आपले काम चोख केले आहे असे समजावे. या अवस्थेचा फायदा घेणारी फ्युझेरियम नावाची बुरशी मोठमोठे मळेही आडवे करते, तेथे एका कुंडीची काय कथा.

उपचार म्हणून खोडाचा काळा भाग छाटून, कापलेली बाजू काही दिवस सावलीत सुकू देऊन, निरोगी तुकडा नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि झाडाची साल यांच्या भरड मिश्रणात लावावा. लाल माती आणि शेणखत, जे तुळशीला चालते, ते हिला घट्ट होते. छाटणी करताना हातमोजे घालणे इष्ट, कारण वेलीच्या रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. खाजऱ्या अळूने घसा धरतो तो याच द्रव्यामुळे. फतफत्यात चिंच घालण्याची रीत ज्या घरात पिढ्यानपिढ्या पाळली जाते, त्याच घरातील माणूस ही वेल मात्र उघड्या हातांनी कापतो आणि कोपरापर्यंत खाजवत त्वचारोगतज्ज्ञाच्या दाराशी बसतो.

उन्हाविषयी थोडक्यात एवढेच, की पश्चिमेच्या गॅलरीत थेट उन्हात ठेवलेल्या वेलीची पाने फिकट पिवळी पडून भाजतात, आणि पुण्याच्या एप्रिलातली कोरडी हवा तिला मानवत नाही. म्हणून अनुभवी लोक तिला न्हाणीघराच्या खिडकीत हलवतात, जेथे ती टवटवीत होते आणि घरचे लोक पडदा ओढून आंघोळ करू लागतात.

फूल येणे ही वेगळीच अट आहे. वेल काही मीटर लांब झाल्याखेरीज, म्हणजे साधारण तीन वर्षांपर्यंत, फुलत नाही. त्यातही ती आधारावरून वळवून खाली लोंबती सोडावी लागते, शेंडा खुडावा लागतो आणि फुलण्यापूर्वी पाणी आखडते घ्यावे लागते. जिने शेंडा काळा पडेल या धास्तीत तीन वर्षे काढली, त्या गृहिणीस तो आपल्या हाताने खुडावयास सांगणे कठीणच. एवढे करून उमललेले फिकट हिरवट-पिवळे फूल पहाटे उघडते आणि दुपारपर्यंत मावळते, तेव्हा मालक बहुधा हिंजवडीच्या वाहतुकीत अडकलेला असतो. फुलातील पराग आणि ते स्वीकारणारी कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. रियुनियन बेटावर नेलेल्या वेली या पडद्यापायी दोनेक दशके निष्फळ राहिल्या, आणि 1841 मध्ये एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने तो उचलून, अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबून बसवण्याची युक्ती काढली. आजही जगभरचे मळे जवळजवळ याच रीतीने चालतात. घरगुती प्रयोगास उदबत्तीची जळून उरलेली बांबूची काडी पुरते.

शेंग पिकण्यास सुमारे नऊ महिने लागतात, आणि तेव्हाही हिरव्या शेंगेला वास नसतो, कारण व्हॅनिलिन हे सुगंधी द्रव्य त्यात साखरेच्या रेणूशी बांधलेले असते. ते मोकळे करण्यासाठी शेंगा हाताला न सोसणाऱ्या पण न उकळणाऱ्या पाण्यात काही मिनिटे बुडवाव्या लागतात, नंतर कित्येक दिवस उन्हात तापवून रात्री घोंगड्यात गुंडाळून घामेजू द्याव्या लागतात, आणि मग महिने दोन महिने सावकाश सुकवाव्या लागतात. बहुतेक सदनिकांत घोंगडे एकच असते, ते आजोबांचे असते, आणि शेंगांसाठी ते रात्रभर देण्यास आजोबा आजवर कोठेही राजी झालेले नाहीत.