चेलोला जागा

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आमच्या बाबांनी अभिमानानं सांगितलं, "मुलगी चेलो वाजवते." समोरच्या काकूंनी चमचा बशीत ठेवला. "सेलो? ते पाण्याच्या बाटल्या आणि डबेवाले?" बाबांनी घाईघाईनं खुलासा केला, की वाद्य व्हायोलिनच्या घरातलंच, फक्त अंगानं थोरलं. मग "नोकरी काय करते?" आलं. "हीच," असं म्हणून तेही निभावलं. इतका वेळ गप्प बसलेल्या मुलाच्या वडिलांनी शेवटी विचारलं, "पण हे ठेवणार कुठे?"

सोयरीक जमली नाही. पण माझ्या धंद्यातला मूळ प्रश्न इतक्या नेमकेपणानं त्याआधी कुणी विचारला नव्हता आणि नंतरही नाही.

चेलो साधारण चार फुटांचा. पेटीत घातला की आमच्या आजीएवढा होतो. आजी असताना दोघं भिंतीला टेकून शेजारी शेजारी असायची आणि संध्याकाळी दिवे लागण्याआधी घरी आलेला पाहुणा दोघांनाही नमस्कार करायचा. आजीला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्याच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात हे कळल्यावर तिनं त्याला देवघराच्या भिंतीवरून हलवलं. त्या केसांना मी राळ लावायची, तिची पांढरी पूड खाली पडायची, ती रोज पुसताना आजी पुटपुटायची. पण तिचा खरा आक्षेप बसण्यावर होता. "अगं, पाय मिटून बस!" आता चेलो गुडघ्यांच्या मधे धरायचा असतो, त्याला मी काय करणार? पुढे वाचनात आलं, की एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातही बायकांनी चेलो वाजवायचाच तर दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, घोड्यावर तिरकं बसल्यासारखं बसून वाजवावा, अशी अपेक्षा असे. म्हणजे आजी आमची गिरगावातली असली तरी विचारांनी थेट व्हिएन्नाची होती.

पुरुषांची याबाबतीत वेगळीच पंचाईत. १९७४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पत्र छापून आलं, की चेलो घासून घासून पुरुष वादकांच्या नाजूक जागी विकार होतो. डॉक्टर मंडळींनी पुढे त्याचे हवालेही दिले. २००९ मध्ये एलेन मर्फी या डॉक्टरीणबाईंनी, ज्या तोवर हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये जाऊन बसल्या होत्या, कबूल केलं की तो विकार आपण गंमत म्हणून रचला होता. पत्राखाली सही तेवढी नवऱ्याची. पस्तीस वर्षांत एकाही संपादकाला चेलो वाजवणारा माणूस जाऊन बघावासा वाटला नाही. बघितला असता तर कळलं असतं, की वाद्याचा तिथवर संबंधच येत नाही. चेलो टेकतो छातीला.

मला शिकवणारे सर गोव्याचे. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गोव्याच्या वादकांचं राज्य होतं, कारण चर्चच्या शाळेत लहानपणीच त्यांना नोटेशन वाचता यायला लागायचं. पेपर समोर ठेवला की पहिल्या झटक्यात वाजवणार. आर. डी. बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती हे स्वतः चेलोवादक होते, हे सर दर महिन्याला एकदा सांगायचे, घरातला कुणी मंत्री झाल्यासारखं.

मी पहिल्या दिवशी सरांना विचारलं, "बोट ठेवायचं कुठे?" चेलोला सतारीसारखे पडदे नाहीत. नुसती काळी, गुळगुळीत लाकडी पट्टी. सर म्हणाले, "बाय, पाटी ना, पडदो ना. कानान सोद." ते शोधणं गेली बावीस वर्षं चालू आहे. गवई मैफलीत एखादी सुंदर जागा घेतो तेव्हा आपण वाहवा म्हणतो. चेलोवाल्याची सगळी हयात जागा घेण्यात जाते, वाहवा नाहीच. हात खालून वर सरकवायचा, वीतभर हवेतून जाऊन बोट नेमक्या ठिकाणी टेकायचं. दोन मिलिमीटर चुकलं तरी मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज. वरच्या सुरांना तर अंगठाच आडवा तारेवर दाबून धरावा लागतो. त्यामुळे माझ्या अंगठ्याच्या कडेला जो घट्टा पडलाय, त्याच्या जिवावर मी तव्यावरची भाकरी उलथन्याशिवाय फिरवते. सासूबाईंना माझ्या कलेतला एवढाच भाग पटतो.

(हो, लग्न झालं. नवरा मोजमाप घेऊन आला होता. त्यांच्याकडे कपाट आणि फ्रिज यांच्यामध्ये फट होती.)

शिवाय माझ्या चेलोत एक लांडगा राहतो. थट्टा नव्हे, या दोषाला साऱ्या जगात लांडगाच म्हणतात. चेलोच्या पोकळ पोटाचा स्वतःचा एक सूर असतो. तारेवर नेमका तोच सूर लागला की तार आणि पोट एकमेकांशी भांडायला लागतात आणि आवाज गुरगुरतो, थरथरतो. बहुतेक चेलोंत हा लांडगा एफच्या आसपास दबा धरून असतो. घोडीच्या खाली तारेवर एक छोटी पितळी नळी बसवली की तो थोडा माणसाळतो. गोष्टीतल्या पोरानं लांडगा आला रे आला म्हणून खोटंच सांगितलं होतं. आमचा दर वेळी येतो, आणि सोसायटीचे सेक्रेटरीही त्याच्या पाठोपाठ येतात.

पावसाळ्यात तर घरात बाळंतीण असल्यासारखी काळजी. हवेतल्या दमटपणानं लाकूड फुगतं, खुंट्या हलेनाशा होतात, सरस सैल पडतो आणि एखादा सांधा उकलला की चेलो डास अडकल्यासारखा गुणगुणतो. तोच चेलो स्टुडिओच्या एसीत नेला की फुगलेल्या खुंट्या आकसतात आणि ऐन टेकमध्ये तार सुर्र करून सुटते. बाहेर जुलै, आत काश्मीर, मधे मी.

पोट भरतं ते लग्नांवर. पंचतारांकित हॉटेलात नवरीच्या प्रवेशाला पाखेलबेलचा कॅनन हवाच असतो. त्यात व्हायोलिनं नक्षीकाम करत हिंडतात आणि चेलोला फक्त आठ सूर. तेच आठ, त्याच क्रमानं, अठ्ठावीस वेळा. म्हणजे दोनशे चोवीस. हे झालं नवरी वेळेवर आली तर.

एकदा नवरीच्या साडीची निरी सुटली. एकविसाव्या फेरीपासून आम्ही परत पहिल्यावर आलो. आधीच तिथे खुर्चीवरून वाद झाला होता. चेलोवाल्याला बिनहाताची, सपाट, साधी खुर्ची लागते, आणि नेमकी तीच पंचतारांकित जगात नसते. मॅनेजरनं आधी सोफा दिला, मग प्रेमानं नवरा-नवरीचं जादा सिंहासन आणलं. शेवटी स्वयंपाकघरातला एक स्टूल मिळाला, त्याला कांद्याचा वास. खाली इटालियन संगमरवर. चेलोच्या बुडाला एक लोखंडी दांडी असते. पूर्वी लोक वाद्य पोटऱ्यांत आवळून वाजवत. सेर्व्हे नावाच्या बेल्जियन वादकानं ही दांडी लोकप्रिय केली, त्या भल्या माणसानं अशी फरशी पाहिली नसावी. मी दांडीच्या टोकाला ओढणी गुंडाळून तिची गाठ स्टुलाच्या पायाला मारली होती. चौतिसाव्या फेरीला गाठ सुटली. चेलो माझ्या गुडघ्यांतून निसटून सावकाश पुढे निघाला, सासरी निघालेल्या मुलीसारखा, आणि मी पाचवा सूर वाजवत, मान धरून, स्टुलासकट त्याच्यामागे. नवरीकडच्या मावशींना वाटलं, हे कार्यक्रमातच आहे. टाळ्या पडल्या.

११ नोव्हेंबर १९८९ ला चेलोवादक रोस्त्रोपोविच पडत्या बर्लिन भिंतीशी बसून बाख वाजवत होता. जगाला तो फोटो पाहून इतिहास आठवतो. मला त्याची खुर्ची दिसते. ती त्यानं ऐन वेळी उसनी घेतली होती. बिनहाताची!

हल्ली रेकॉर्डिंगला पूर्वीसारखे ताफे नसतात. स्टुडिओत मी एकटीच, कानात तालाची टकटक आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. एकच ओळ आठ वेळा वाजवायची, म्हणजे ऐकणाऱ्याला आठ चेलो वाटतात. पण आठही वेळा हुबेहूब वाजवलं तर ते एकच जाडं वाद्य वाटतं. म्हणून दर वेळी खुर्ची वीतभर सरकवायची आणि माणूस बदलायचा. माझ्या मनात त्या आठ जणी ठरलेल्या आहेत. दुसरी शिस्तीची, चौथी आळशी, तिचा सूर अंमळ उशिरा लागतो. सहावीला कर्जतची शेवटची लोकल गाठायचीय. आठवीचं कुणाशीच पटत नाही. "मॅडम, एक और," असं काचेपलीकडून आलं की आम्ही आठही जणी एकमेकींकडे बघतो. मानधन एकीचंच.

मग घरी जाणं. यो-यो मा या चेलोवादकानं १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीच्या डिकीत आपला १७३३ सालचा चेलो विसरला. नशिबानं पावती जपली होती, म्हणून त्याच दिवशी सापडला. लिन हॅरेल विमानात चेलोचं वेगळं तिकीट काढायचा आणि त्याच्या नावानं माइल्सही साठवायचा. २०१२ मध्ये विमान कंपनीनं दोघांचीही खाती बंद केली. थोरांची दुःखं थोर. माझा चेलो डिकीत मावत नाही आणि विमानात कुणी बसवत नाही. लेडीज डब्यात "पुरुषाएवढी जागा अडवतो" म्हणून तो नको असतो. राहिला सामानाचा डबा.

परवा दादरला चढले तर डबा टोपल्यांनी भरलेला. बाकावर एक कोळीण, शेजारी तिची रिकामी पाटी. तिनं पेटीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय हाय गो यात?"

"वाद्य आहे, मावशी. चेलो."

"नाजूक हाय?"

"हो."

तिनं पाटी उचलून पायाशी घेतली, बाकावरचं पाणी पदरानं पुसलं आणि म्हणाली, "बशीव त्याला."

चेलो बसला. मी बोरिवलीपर्यंत उभी.