गैरहजर फाइल: नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

संगणक सुरू होतो, पडद्यावर देवाचा नाहीतर नातवाचा फोटो उमटतो आणि तुम्ही खुर्ची पुढे ओढताच मधोमध एक चौकट येते: अमुक फाइल सापडत नाही. खाली एकच बटण, ओके. म्हणजे फाइल हरवली त्याची आणि 'ठीक आहे' म्हणायचं आपण! रोज सकाळी ओके म्हणून दमलेल्या मंडळींसाठी ही मार्गदर्शिका.

साहित्य: एक संगणक, एक कागद, एक चालणारं पेन (ते घरात कसं शोधावं यासाठी वेगळी मार्गदर्शिका लागेल) आणि संगणकातलं सगळं येणाऱ्या भाच्याला तासभर बाहेर पाठवता येईल असं एखादं काम.

पायरी पहिली: वाचा.
हीच सगळ्यांत अवघड. चौकट दिसली की हात आपोआप ओकेवर जातो. मग दुरुस्तीवाल्याला आपण फोनवर सांगतो, "काहीतरी इंग्रजीत आलं होतं." एवढ्यावर त्याला निदान करता येत नाही. फाइलचं नाव, टिंबानंतरची शेवटची अक्षरं आणि ती कोणत्या फोल्डरमध्ये शोधली गेली, हे कागदावर उतरवा. मोबाइलवर फोटो काढलात तरी चालेल, फक्त तो घरच्या ग्रुपवर टाकू नका. तिथून जोडलेल्या हातांपलीकडे काही येत नाही.

पायरी दुसरी: पडदा काळा की रंगीत, ते ठरवा.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बूटएमजीआर इज मिसिंग' असं असेल (संगणक एक्सपीच्या जमान्यातला असेल तर 'एनटीएलडीआर'), तर विंडोज अजून उठलेलीच नाही, कारण तिला उठवणारी फाइलच सापडत नाहीये. घाबरण्याआधी वाकून पाहा, कालचा पेनड्राइव्ह अजून खोचलेलाच आहे का? संगणक ठरलेल्या क्रमाने एकेका डिस्कचं दार वाजवतो. क्रमात पेनड्राइव्ह आधी असला तर तो तिथे विंडोज मागतो आणि आत निघतात लग्नाचे फोटो. पेनड्राइव्ह काढा, संगणक पुन्हा सुरू करा. पुष्कळदा दुरुस्ती इथेच संपते. सोबत घड्याळही काही वर्षं मागे गेलेलं दिसलं, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असू शकतो. त्याच्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. तो गेला की संगणक तारीख विसरतो आणि दारं वाजवायचा क्रमही. तेही नसेल, तर सैल वायर किंवा दमलेली डिस्क. तिथे मात्र जाणकाराला हात लावू द्या.

पायरी तिसरी: पडदा रंगीत असेल तर आनंद माना.
विंडोज उठली आहे, म्हणजे जी सापडत नाही त्या फाइलवाचून तिचं काही अडलेलं नाही. मग ती शोधते कशाला? माझंच उदाहरण सांगतो. एका झेरॉक्सच्या दुकानात चार पानं छापायला पेनड्राइव्ह दिला. घरी आणून उघडला तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. मी त्यातल्या एकावर दोनदा टिचकी मारून पाहुणा घरात घेतला. अँटिव्हायरसने त्याला बाहेर काढलं, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी चौकट सुरू झाली: विंडोज स्क्रिप्ट होस्ट, कॅन नॉट फाइंड स्क्रिप्ट फाइल. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि व्हीबीएस.

झालं होतं ते एवढंच. पाहुण्याने आत येताच आपलं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या हजेरीपटात, लिहून ठेवलं होतं. फाइल गेली, नाव राहिलं. पोरगं जूनमध्येच शाळा सोडून गेलं तरी पटावर नाव आहे म्हणून बाई रोज पुकारतात, त्यातला प्रकार. आठ महिने मी त्या पोराच्या वतीने 'ओके' म्हणत होतो.

पायरी चौथी: फाइल आणायला जाऊ नका.
नाव शोधलंत की 'ही फाइल मोफत डाउनलोड करा' म्हणणारी दुकानं समोर येतात. गेलेल्या चोराचा पत्ता काढून त्याला परत बोलवायचं काही कारण नाही. एखादा प्रोग्रॅम उघडताना 'एमएसव्हीसीपी१४० डीएलएल' नाही अशी तक्रार आली, तर ती फाइल खरोखर लागते. पण तीही सुटी आणायची नसते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' या नावाने अख्खा संच फुकट मिळतो.

पायरी पाचवी: नाव खोडा.
कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'स्टार्टअप' पाहा, नको त्या नावावर उजवी टिचकी मारून 'डिसेबल' करा. (विंडोज ७ असेल तर हीच यादी 'एमएसकॉन्फिग'मध्ये.) तिथे नाव नसेल तर ते टास्क शेड्युलरमध्ये दडलेलं असू शकतं. मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' नावाचं फुकट साधन सगळे हजेरीपट एकत्र मांडतं आणि ज्यांची फाइल सापडत नाही त्या ओळींना हळद लावतं. हळद लागलेल्या ओळीपुढची फक्त बरोबरची खूण काढा, ओळ पुसू नका. चूक झालीच तर खूण पुन्हा करता येते.

पायरी सहावी: फाइल विंडोजचीच असेल तर.
कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. मग टाइप करा: एसएफसी, एक मोकळी जागा, तिरकी रेघ, तिला चिकटून स्कॅननाउ. अक्षरं अर्थात इंग्रजी. हे फोनवरून काकांना सांगताना 'तिरकी म्हणजे कुठे तिरकी?' असा प्रश्न येतो. उत्तर: वरचं टोक उजवीकडे. विंडोज आपल्या फाइली तपासून बिघडलेल्यांच्या जागी चांगल्या प्रती ठेवते. टक्के हळूहळू चढतात. मध्येच खिडकी बंद करू नका, चहा टाका.

पायरी सातवी: भाचा परत आला.
तो उभ्या उभ्याच म्हणेल, "मामा, फॉरमॅट मारू." गल्लीतल्या दुकानातही हेच औषध मिळतं, ताप असो की खरूज. फॉरमॅटने चौकट जाते हे खरं. तिच्याबरोबर नातवाचा फोटोही जातो. पटावरचं एक नाव खोडायला कुणी शाळा पाडत नाही. त्याला पाचवी पायरी वाचायला द्या.

नाव खोडल्यावर दुसऱ्या दिवशी चौकट आली नाही. मी मात्र सवयीने माऊसवर बोट ठेवून तिची वाट पाहत बसलो होतो. तेव्हा एवढंच करा: छापायला जाताना पेनड्राइव्हमध्ये फक्त छापायचीच फाइल न्या, आणि परत आल्यावर तो उघडण्याआधी अँटिव्हायरसने तपासा.