धोट्याविना माग

बेळगावचं शहापूर हे विणकरांचं. माग मांडला, ताणा लावला, पण धोटा नाही, तर साडी विणली जात नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. बेळगाव महापालिकेला मात्र तो प्रयोग करून पाहायचा होता. ६ सप्टेंबर २०२१ रोजी निकाल लागला, ५८ नगरसेवक निवडून आले, गुलाल उधळला, हार वाळले. महापौर आणि उपमहापौर निवडले गेले ते ६ फेब्रुवारी २०२३ ला. मधल्या काळात नगरसेवक होते, सभागृह नव्हतं. खडेबाजारातल्या माणसाने तुंबलेल्या गटाराची तक्रार नगरसेवकाकडे न्यायची, आणि नगरसेवकाने अर्ज हातात धरून अधिकारी साहेबांच्या दारात त्या माणसाच्याच मागे रांगेत उभं राहायचं! समता म्हणतात ती हीच असावी.

यावर म्हणतील, अधिकारी होतेच की, शहर कुठे बंद पडलं? खरंय. पण मग निवडणुकीचा खर्च कशाला केला? दुसरे म्हणतील, उशिरा का होईना, दोन्ही पदांवर मराठी महिला बसल्या ना? बसल्या, आनंद आहे; पण गटार तुंबताना कुणाची मातृभाषा विचारत नाही, आणि जाब विचारायला सभागृह लागतं, ते कोणत्याही भाषेत भरलं तरी. आता हिशेब तेवढा पाहा: महापौर निवडायला लागले सतरा महिने, आणि कायद्याने महापौरपदाची मुदत आहे बारा महिन्यांची.