आयत्या पिठावर रेघोट्या

प्रति,
संचालक महोदय,
‘तीन तासांत अस्सल क्रोसाँ’ वर्ग, पॅरिस

महोदय,



तुमच्या वर्गाचं प्रमाणपत्र मी फ्रिजच्या दारावर लावलं आहे. जाड कागद, सोनेरी कड, खाली तुमची लफ्फेदार सही. माझं आडनाव तेवढं चुकलंय, पण परदेशात राहणाऱ्याला त्याची सवय असते. मला क्रोसाँ करता येतात, असं हा कागद फ्रिजच्या बाहेरून सांगतो. फ्रिजच्या आतलं पीठ मात्र ते मानायला तयार नाही. म्हणून हे जाहीर पत्र. खासगीत लिहिलं की तुमच्याकडून मॅकरॉनच्या वर्गावर सवलत देणारं उत्तर येतं, असा अनुभव आहे.

तुमचं गिऱ्हाईक तुम्ही अचूक हेरलं आहे, याबद्दल आधी अभिनंदन. नोकरीसाठी इथे आलेले, नोकरीवाल्याच्या मागून आलेले आणि उद्या परत जायचंय म्हणून काहीतरी शिकून घ्यावं म्हणणारे. आम्हाला फ्रेंच धड येत नाही, त्यामुळे शेजारच्या बेकरीवाल्याला शंका विचारता येत नाही. आणि घरून फोन आला की प्रश्न ठरलेला, “एवढी पॅरिसला राहतेस, तर क्रोसाँ करतेस का गं घरी?” या प्रश्नाला उत्तर हवं म्हणून आम्ही शंभरावर युरो मोजतो. तुम्ही त्या बदल्यात एप्रन देता. तोही जाताना परत घेता.

आता त्या दिवशी काय झालं, ते वाचकांसाठी सांगते. तुम्ही दुधात यीस्ट कालवलं, मैदा घेतला आणि आम्हा प्रत्येकीला गोळा दोन-दोनदा दाबायला दिला. मग ते भांडं टेबलाखाली गेलं आणि फ्रिजमधून रात्रभर मुरलेला दुसरा गोळा बाहेर आला. त्यावर बटरची लादी ठेवून तुम्ही एक घडी घातलीत, “आता याला आराम हवा” म्हणालात, आणि तोही आत गेला. बाहेर आलं ते सगळ्या घड्या पडलेलं तिसरंच पीठ. त्याचे त्रिकोण कापले, वळले. हे मात्र आम्ही केलं, नाकारून चालणार नाही. पण वळलेले क्रोसाँ फुगायला म्हणून आतल्या खोलीत गेले आणि तिथून टम्म फुगलेले वेगळेच आले. ते भाजले, फोटो काढले, खाल्ले. उत्तम होते. कोणी केले होते, हे तेवढं कळलं नाही. आमच्या हातचे दुपारच्या तुकडीने खाल्ले असावेत. कसे झाले होते, त्यांना विचारून कळवाल का?

खरा क्रोसाँ किती वेळ घेतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. संध्याकाळी मळलेलं पीठ रात्रभर थंडीत राहतं. सकाळी त्यात बटर गुंडाळून तिहेरी घडी, तशा तीन घड्या, म्हणजे बटरचे २७ थर. दोन घड्यांमध्ये पुन्हा फ्रिज. शेवटी वळून झाल्यावर दोनेक तास फुगवणं, तेही २८ अंशांच्या आत, नाहीतर बटर पाझरतं. संध्याकाळी सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी दुपारी ताटलीत पडणार. या सगळ्यातला थांबण्याचा भाग तुम्ही आमच्यासाठी काढून टाकलात. केवढी ही दया! फक्त त्याच भागात हाताला अक्कल येते. बटर जास्त गार असेल तर लाटताना त्याचे तुकडे होतात आणि फरशीला तडे जावेत तसे पिठाखालून दिसतात. थोडं जास्त ऊबदार झालं तर ते पिठातच जिरतं आणि पदर सुटायच्या ऐवजी गोडसर पाव तयार होतो. या दोन्हींच्या मधली स्थिती बोटाने दाबून ओळखायची असते. तुमच्या वर्गात दाबून बघायला वेळच नव्हता, कारण प्रत्येक वेळी फ्रिजमधून येणारं पीठ आधीच शहाणं होतं.

मग तुमचा छापील कागद घेऊन मी घरी उभी राहिले. कागदावर लिहिलंय, ‘बटर २५० ग्रॅम’. तुम्ही स्वतः वापरलंत ते साधं बटर नव्हतं. घड्यांसाठी खास बनवलेलं, ८४ टक्के स्निग्धांशाचं, वाकवलं तरी न मोडणारं होतं. दुकानात सहज मिळतं ते ८२ टक्क्यांचं. फरक दोनच टक्क्यांचा, पण खास बटरात पाणी कमी आणि ते वितळतंही उशिरा. कागदावर पुढे लिहिलंय, ‘मैदा टी ४५’. हा आकडा पीठ जाळल्यावर किती राख उरते ते सांगतो. चार वेळा लाटून न फाटण्याइतकी ताकद पिठात आहे का, हे तो सांगत नाही. आणि ‘थंड जागी ठेवा’ हे वाक्य तर ठेवणीतलं. ज्या शहरात २५ जुलै २०१९ रोजी पारा ४२.६ अंशांवर गेला आणि जिथल्या बहुतेक घरांत एसी नाही, तिथे थंड जागा कुठली? माझे क्रोसाँ भट्टीत गेले आणि ट्रेमध्ये साठलेल्या स्वतःच्याच बटरात तळून निघाले. वास मात्र झकास सुटला होता.

पीठ ‘आराम’ करत असताना तुम्ही इतिहासही शिकवलात. तुर्कांचा व्हिएन्नाला वेढा, पहाटे जागे असलेले बेकरीवाले, मग राणी मारी आंत्वानेत हा पदार्थ फ्रान्सला घेऊन आली वगैरे. बोलाचीच कढी, तर भातही बोलाचाच. राणीचा शिरच्छेद १७९३ साली झाला. व्हिएन्नाच्या पद्धतीचे पाव पॅरिसमध्ये गाजवले ते ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन गृहस्थांनी, १८३८-३९च्या सुमारास रिशेलिय रस्त्यावर दुकान काढून. पुढे १८४८ मध्ये ते व्हिएन्नाला परतले आणि त्यांनी ‘दी प्रेसे’ हे वृत्तपत्र सुरू केलं. पदर सुटणारा आजचा क्रोसाँ तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. झांगसाहेबांची गोष्ट तुमच्या गोष्टीपेक्षा जास्त रंगतदार आहे, शिवाय खरी आहे. पण तीत राणी नाही, हे मान्य.

तुमची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. तुमच्या देशात १९९८ पासून कायदा आहे की, पाव जागेवर मळून, वळून, भाजून विकणाऱ्यालाच दुकानावर ‘बुलाँजरी’ अशी पाटी लावता येते. तो कायदा पावापुरता. क्रोसाँ कारखान्यातून गोठवलेले आणून भट्टीत सरकवले, तरी पाटीला धक्का लागत नाही. तुमचा वर्ग याच थोर परंपरेतला. दुसरीकडे याच देशात पातिसिएची, म्हणजे पेस्ट्री करणाऱ्या कारागिराची, ‘सीएपी’ नावाची परीक्षा आहे. तिचं एकेक प्रात्यक्षिक पाच तास आणि वर चालतं, आणि त्याआधी खऱ्या दुकानात राबावं लागतं. तिथे परीक्षक फ्रिजमधून तयार पीठ काढून देत नाहीत. बिचाऱ्यांना तुमची पद्धत कोणी सांगितलेली दिसत नाही.

आता मागण्या. वर्गाचं नाव ‘क्रोसाँ वळण्याचा वर्ग’ असं ठेवा. शिकवता तेवढंच लिहा, तरी लोक येतील. जमलं तर दोन दिवसांचा वर्ग काढा आणि पहिल्या दिवसाचं पीठ ज्याचं त्याला दुसऱ्या दिवशी परत द्या, बिघडलेलं असलं तरी. कागदावर बटर कोणतं आणि ते कुठे मिळतं, हे छापा. आणि निदान एक क्रोसाँ तरी आमच्या हातचा आम्हाला खाऊ द्या.

हे जमणार नसेल, तर परतफेड म्हणून मी तुमच्यासाठी चिरोट्यांचा वर्ग काढते. चिरोट्यालाही पदर असतात, त्यामुळे तुम्हाला परकं वाटणार नाही. पद्धत तुमचीच. पीठ मी सकाळी भिजवून ठेवीन. तुपात तांदळाची पिठी फेटून साटं आधीच तयार असेल. पोळ्या एकावर एक रचून, साटं लावून, वळकटी करून कापही पाडलेले असतील. तुम्ही एका कापावर एकदा लाटणं फिरवायचं आणि बाजूला व्हायचं. तळणीचं तूप धोक्याचं असतं, ते मी बघेन. ते तापेपर्यंत चिरोटे थेट नेपोलियनकडून आमच्याकडे कसे आले, ते सांगेन. शेवटी तुम्ही खाल ते आदल्या तुकडीचे चिरोटे असतील. प्रमाणपत्रावर तुमचं नाव शक्य तितकं चुकवलं जाईल.

फी आगाऊ. एप्रन परत करावा लागेल. वर्ग पसंत न पडल्यास पैसे मिळणार नाहीत, पण मोदकांच्या वर्गावर सवलत मिळेल.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी