जरासं भाजलं

कोळशावर पिझ्झा करायचं मी ठरवलं, त्यात पिझ्झ्याचा वाटा थोडाच होता. ओव्हनचं बटण दाबणाऱ्याचं कोण कौतुक करणार? विस्तवापुढे घाम पुसणारा माणूस कसा कर्तबगार दिसतो! कोळसा बंद खोलीत पेटवू नये, त्याच्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो की वास, म्हणून गच्ची निवडली असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण एवढंच, की गच्चीवर प्रेक्षक जास्त मावतात.

आता कोळसा. पिझ्झ्याला थोडं थांबू द्या, मैदा तसाही फुगतोय. मी कोळसा मागायला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेलो. "कशाला पाहिजे?" "पिझ्झा करायचाय." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पैसे घेतले नाहीत. माणसाची दया येते तेव्हा पैसे घेत नाहीत, हे मला जिना चढताना कळलं. आधी कापूर लावला. गच्चीभर आरतीचा वास सुटला, कोळसा काळाच. मग वर्तमानपत्र पेटवलं. त्याची राख शेजारच्यांच्या कुरडयांवर जाऊन बसली. शेवटी बायकोचा हेअर ड्रायर आणला. ठिणग्या उडाल्या, त्यात उजवी भुवई थोडी आखूड झाली. कोळसा मोठा मानी. जोरात फुंकर मारा, तोंडावर राख फेकतो. हळू मारा, झोपी जातो. अंगावर राखेची पांढरी साय धरली की मगच तो कामाला तयार होतो. हे कळायला मला पाऊण तास लागला. तोवर पाहुण्यांचा दोनदा चहा झाला होता.

त्या पाऊण तासात मी व्याख्यान दिलं. नेपल्समध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या पिझ्झा-संघटनेचे नियम सांगितले: लाकडाची भट्टी, ४०० अंश सेल्सिअसच्या वर आच, ६० ते ९० सेकंदांत पिझ्झा बाहेर. अमेरिकेत प्रॉव्हिडन्सचं 'अल फोर्नो' १९८० साली सुरू झालं आणि जाळीवरच्या पिझ्झ्यासाठी नावाजलं, तेही सांगितलं. एवढं सांगून झाल्यावर सगळा सरंजाम घातलेला पिझ्झा मी थेट निखाऱ्यांवरच्या जाळीवर ठेवला.

भट्टीचा घुमट वरूनही आच देतो, कोळसा फक्त खालून. त्यामुळे माझ्या पिझ्झ्याचं बूड कोळशाशी एकरूप झालं आणि वरचा कांदा सॅलडमधल्यासारखा कुरकुरीत राहिला. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "निम्मा छान झालाय." कुठला निम्मा, ते बोलले नाहीत.

दुसऱ्या खेपेला निखारे एका बाजूला सारले. नुसती पोळी भाजली, उलटली, भाजलेल्या अंगावर सॉस आणि बेताचं चीज घातलं, जाळीच्या थंड बाजूला सरकवली आणि वर आईची कणकेची परात पालथी घातली. चार-पाच मिनिटांत चीज वितळलं. टाळ्या पडल्या. अभिवादनासाठी हात उचलताना बोट जाळीला लागलं.

मग काय, धावपळ! तीन घरांतून मलमाच्या तीन ट्यूबा आल्या. आईनं माझं बोट नळाखाली धरलं, तेव्हा तिच्या मनगटापासून कोपरापर्यंतचे तपकिरी डाग दिसले.

"हे कधी भाजलं गं?"

"कुठला डाग विचारतोयस?"

मला पुढे काही विचारता येईना. ती चाळीस वर्षं रोज विस्तवापुढे उभी राहत आली आणि आम्ही फक्त विचारत आलो, अजून किती वेळ? तिच्यासाठी कधी कोणी मलम घेऊन जिना चढलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर त्याच घरात होतो. नळ बराच वेळ वाहत राहिला.

"आता बंद कर, पाणी वाया जातंय," ती म्हणाली. "आणि ते निखारे विझवून, वाळवून ठेव. परत पेटतात."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो झळकला: बोटाला पट्टी, एक भुवई, हातात पिझ्झा. आईनं फोन लांब धरून तो निरखून पाहिला. मी कौतुकासाठी कान टवकारले.

"परात छान आलीये माझी," ती म्हणाली.