धरसोडीचा बायोडेटा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा बायोडेटा आजच्या एखाद्या वधूवर सूचक मंडळात गेला असता, तर पहिल्याच चाळणीत बाद झाला असता. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे शास्त्री. इथवर मंडळी खूश. पुढचा रकाना नोकरी-व्यवसायाचा. तिथे जागा पुरत नाही म्हणून पुरवणी जोडलेली!

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगाने बायको आणि मूल दोन्ही नेलं आणि स्टुडिओही मिटला. मध्येच गडी जादूगार झाला. आडनाव उलटं वाचून ‘प्रोफेसर केळफा’ असं नाव घेतलं. ऐकणाऱ्याला जादूपेक्षा केळफुलाची भाजीच आधी आठवावी! मग पुरातत्त्व खात्यात चिकटला. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल-नसेल, तोच सरकारी नोकरी सोडून मोकळा. मराठी मध्यमवर्गात खुनाला एक वेळ क्षमा आहे, याला नाही. त्यानंतर छापखाना. १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन नवं तंत्र पाहून आला आणि भागीदाराशी बिनसल्यावर तिथूनही बाहेर.

‘डोकं चांगलं आहे हो, पण एका जागी टिकत नाही,’ हे वाक्य म्हणणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. फाळक्यांच्या बाबतीत त्याला पुराव्यांची कमतरता नव्हती.

अशा या चाळिशी उलटलेल्या बेकार गृहस्थाने मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि यांना तिथे राम-कृष्ण दिसत होते. पुढच्या खेळाला ते दुसऱ्या पत्नीला, सरस्वतीबाईंना घेऊन गेले. मग रोज सिनेमे पाहणं आणि रात्र-रात्र जागून खटपट करणं सुरू झालं. इतकं की काही काळ डोळ्यांनी दगा दिला. डोळे सुधारले, पण खूळ उतरलं नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये हे लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परत आले.

आता भांडवल हवं. कर्ज मागायला माणूस ताळेबंद घेऊन जातो. यांनी वाटाणा दाखवला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि तो उगवेल तसतशी एकेक चौकट टिपत राहिले. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर झरझर उलगडली: दाणा फुटला, कोंब वर आला, वेल झाला. ते पाहून सावकार विरघळला. वाटाण्याला इतका भाव पुन्हा कधी आला नसेल.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये त्यांचा मूकपट ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. बायोडेटाला जोडलेली ती पुरवणी इथे ओळीने कामाला आली. चित्रकला पडदे रंगवायला, फोटोग्राफी कॅमेऱ्याला, छापखान्यातली रसायनांची सवय फिल्म धुवायला. पडद्यावर देव एकाएकी प्रकट झाला, त्यात केळफा प्रोफेसरांचाही हात होताच. ही विद्या एका जागी टिकून मिळणारी नव्हती. आणि सरस्वतीबाई? त्या अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडत होत्या आणि उजेडात येऊन सगळ्या चमूचा स्वयंपाक करत होत्या. त्यांचा बायोडेटा मात्र कुणी मागितला नाही.

याच मूकपटातल्या हरिश्चंद्राच्या राणीच्या, तारामतीच्या भूमिकेला एकही बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीतले आचारी अण्णा साळुंके यांना पातळ नेसवलं गेलं. भाकरी थापणारा माणूस राणी झाला. तेवढ्यावर न थांबता १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंके राम झाले आणि सीताही तेच झाले.