वडापावापेक्षा स्वस्त

पूर्वी इप्रॉम या मेमरी चिपमधला प्रोग्राम पुसायचा तर चिप 15-20 मिनिटं अतिनील दिव्याखाली ठेवावी लागे. तेवढ्या वेळात माणूस निदान चूक शोधायचा. आता फ्लॅश मेमरी क्षणात कोरी होते. विचार करण्याचा खर्चही वाचला! अशीच फ्लॅश असलेली, 2022 साली आलेली सीएच32व्ही003 ही मायक्रोकंट्रोलर चिप दहा सेंटांच्या आसपास, म्हणजे कोपर स्टेशनबाहेरच्या वडापावापेक्षा स्वस्त. ती शोधायला मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठायचा, तर लोकलचं तिकीटच तिच्याहून महाग. (दादरला गाडी बदलताना होणारी अंगमेहनत फुकट.) एवढ्या स्वस्ताईत आमच्या हौशी मंडळींनी काय घडवलं? तुळशीची माती सुकली की पंप चालू करणारं यंत्र. उत्तम चालतं. नळाला पाणी आलं, की पंपसुद्धा चालेल.